१२० गुणांचा उंबरठा: शांघायमधल्या एका कुटुंबाची शाळानिवड

शांघायमधल्या एका खासगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात मी ए-लेव्हलचं, म्हणजे ब्रिटिश बारावीचं, गणित शिकवत होते. या प्रकरणातली थोरली मुलगी माझ्या वर्गात होती. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून राहण्याचे आणि धंद्याचे काही तपशील बदलले आहेत. नियम, गुणांचा हिशोब आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

हे लिहिण्याचं कारण असं, की चीनमधल्या आंतरराष्ट्रीय शाळा म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र समोर येतं: अतिश्रीमंतांची मुलं, घोडेस्वारी, हिवाळ्यात स्कीइंग. तशी मुलं असतात. पण माझ्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुलं अशी होती, की सरकारी शाळेत पुढे जाण्याचा रस्ताच बंद झाल्यामुळे ती तिथं आली होती. त्यांच्या घरी फी भरणं हा शौक नव्हता. पैशाचं बळ फक्त प्रवेशाच्या वेळी लागतं असंही नाही. निर्णय चुकला तर परत फिरणं कोणाला परवडतं, इथं त्याचा खरा कस लागतो. हे कुटुंब त्याचं नेमकं उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

वडील १९७७ चे, आन्हुई प्रांतातल्या फुयांगजवळच्या खेड्यातले. तीन वर्षांची पदविका घेतली आणि शांघायला आले. आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी, मग नळ, शॉवर, बेसिन अशा बाथरूमच्या सामानाचा स्वतःचा ठोक धंदा. आई जिआंगशीमधल्या एका छोट्या गावच्या, बारावीपर्यंत शिकलेल्या; दुकानाचे हिशोब त्याच बघतात. मिनहांग जिल्ह्यात कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, एक गाडी, दोन मुलं. थोरली २००६ ची, धाकटा २०१२ चा. दोघंही शांघायमध्येच वाढली. थोरलीला वडिलांची फुयांगची बोली कळते, कारण दुकानातले कामगार तीच बोलतात. पण गावाला गेली की ती पाहुणीच.

कागदावर मात्र सगळं कुटुंब आन्हुईचंच होतं. चीनमध्ये १९५८ पासून हुकोऊ नावाची कुटुंबनोंदणी चालत आली आहे. माणूस कुठंही राहो, सरकारी सोयी नोंद असेल तिथल्या. शाळेच्या बाबतीत याचा अर्थ असा, की विद्यापीठ प्रवेशाची गाओकाओ परीक्षा सर्वसाधारणपणे नोंद असलेल्या प्रांतातच द्यावी लागते, आणि प्रत्येक प्रांताच्या जागा वेगळ्या ठरलेल्या असतात. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते, त्यावरून ज्यांची मुलं अडली आहेत त्यांना हे लगेच समजेल. फरक इतकाच की इथं सगळ्याच शाखांचे प्रवेश तसे आहेत, आणि अडचण गाओकाओच्या तीन वर्षं आधी, नववीनंतरच्या झोंगकाओ परीक्षेपासूनच सुरू होते. झोंगकाओनंतर देशभरात निम्म्याहून थोडी जास्त मुलं शैक्षणिक उच्च माध्यमिक शाळेत जातात आणि बाकीची व्यवसाय शिक्षणाकडे वळवली जातात.

बाहेरून आलेल्यांसाठी शांघायनं २०१३ पासून निवास-परवान्याची गुणपद्धत आणली. १२० गुण झाले की मूल शांघायमध्येच झोंगकाओ आणि पुढे गाओकाओ देऊ शकतं. हे गुण मुलाचे नसतात, आई-वडिलांचे असतात. पदवीला ९०, पदविकेला ५०. वयाचे जास्तीत जास्त ३०, पण ४४ व्या वर्षी एक आणि त्यानंतर दर वर्षी दोन कमी होत जातात. सामाजिक विमा भरल्याच्या प्रत्येक वर्षाला तीन. पदवीधर नोकरदार चाळिशीच्या आत असेल तर ९० आणि ३०, संपला विषय. त्याला या पद्धतीचा काच जाणवतही नाही.

पेच

२०१९ च्या शरद ऋतूत थोरली आठवीत गेली आणि वर्गशिक्षिकेनं पालकांकडून गुणांचा कागद मागितला. वडिलांचा हिशोब असा होता: पदविकेचे ५०, वयाचे ३०, २०११ पासून भरलेल्या विम्याचे २४. एकूण १०४.

सोळा कमी पडत होते. झोंगकाओ २०२१ मध्ये होती. तोवर विम्याची आणखी दोन वर्षं म्हणजे सहा गुण मिळाले असते, पण वय ४४ झाल्यावर एक जाणार. १०९. त्यापुढे तर वर्षाला तीन कमवायचे आणि दोन गमवायचे. या वेगानं वडिलांना १२० गाठायला आणखी अकरा वर्षं लागली असती.

मुलगी वर्गात पहिल्या दहात होती. तिच्या शेजारच्या बाकावरची मुलगी अभ्यासात तिच्या मागे होती, पण वडील पुडोंगमधल्या एका कंपनीत पदवीधर अभियंता. ती शांघायच्या चांगल्या सरकारी शाळेची तयारी करत होती. थोरलीला हे कळलं तेव्हा तिनं आईला विचारलं, की मी अजून किती अभ्यास केला तर होईल? पुढे आईंनी मला हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, ‘लाओशी (म्हणजे बाई), तिच्या अभ्यासाचा यात काही संबंधच नाही, हे तिला कसं सांगायचं ते आम्हाला कळेना.’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गावी परत जाण्याचा. आठवीतच आन्हुईच्या शाळेत नाव घालायचं, तिथं झोंगकाओ, तिथंच गाओकाओ. खर्च सगळ्यात कमी. पण शांघायमध्ये पाच वर्षं प्राथमिक आणि चार वर्षं माध्यमिक अशी रचना आहे, आन्हुईत सहा आणि तीन. अभ्यासक्रमाचा क्रम आणि परीक्षेचा बाज दोन्ही वेगळे. आन्हुईत स्पर्धा कशी असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच प्रांतात लूआन शहराच्या हद्दीत माओतानचांग नावाचं गाव आहे. तिथली शाळा गाओकाओचा कारखाना म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. मुलांसाठी आया गावात खोली भाड्यानं घेऊन राहतात, आणि गावाचं सगळं अर्थकारण त्या भाड्यावर चालतं. वडिलांच्या चुलतभावाच्या मुलानं तिथं एक वर्ष काढलं होतं. आईंना थोरलीबरोबर गावी जावं लागलं असतं. मग दुकानाचे हिशोब कोण बघणार, आणि दुसरीतल्या धाकट्याचं काय?

दुसरा पर्याय शांघायमध्येच व्यवसाय शिक्षणाच्या शाळेचा. १२० गुण नसले तरी काही अटींवर हा रस्ता खुला असतो. यावर घरात चर्चाच झाली नाही. वडील स्वतः पदविकेवर थांबले होते आणि ते शल्य त्यांच्या मनात होतं. मला वाटतं या पर्यायाला एवढ्या झटकन बाजूला सारायला नको होतं. पण पहिल्या दहातल्या मुलीच्या बापाला तेव्हा हे कोण सांगणार होतं?

तिसरा पर्याय दुसऱ्या शहराचा हुकोऊ मिळवण्याचा. शांघायला लागूनच जिआंगसू प्रांतातलं कुनशान आहे. मेट्रोची ११ नंबरची लाइन २०१३ पासून थेट तिथं जाते. तिथं घर घेऊन नोंद हलवता येईल का, याची वडिलांनी चौकशी केली. मात्र जिआंगसूची स्पर्धा आन्हुईपेक्षा सोपी नाही, आणि आणखी एक गृहकर्ज डोक्यावर आलं असतं. त्यानजिन शहरानं २०१८ मध्ये बाहेरच्यांना नोंद देण्याची मोठी योजना काढली होती, तिचाही विचार झाला. तिथंही पदवी आडवी आली.

श्रीमंतांचा म्हणून एक चौथा रस्ता असतो, तो इथं फक्त नोंदवून ठेवते. परदेशी पासपोर्ट मिळवून मुलाला परदेशी नागरिकांच्या शाळेत घालायचं. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे चिनी नागरिकत्व सोडावं लागतं. हे करून मुलांना परदेशी विद्यार्थी म्हणून चिनी विद्यापीठात घालणारे इतके वाढले, की २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयानं नियम कडक केले. या कुटुंबाच्या आवाक्यात हे कधीच नव्हतं.

उरला पाचवा पर्याय, आमच्यासारख्या शाळेचा.

इथं थोडं थांबून सांगते, कारण ‘आंतरराष्ट्रीय शाळा’ या एकाच नावाखाली चीनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, परदेशी नागरिकांच्या मुलांसाठीच्या शाळा. शांघायला बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांची मुलं बहुधा इथं जातात आणि फी कंपनी भरते. मुख्य भूमीवरच्या चिनी पासपोर्टच्या मुलांना इथं प्रवेशच नाही. आपल्या मुलांना जे दार सहज उघडतं ते त्या देशातल्या मुलांना कायद्यानंच बंद आहे. दोन, खासगी द्विभाषिक शाळा, पहिलीपासूनच्या. तीन, दहावीपासून ए-लेव्हल, आयबी किंवा अमेरिकन अभ्यासक्रम शिकवणारे विभाग, काही सरकारी शाळांना जोडलेले, काही पूर्ण खासगी. या खासगी विभागांपैकी बऱ्याच ठिकाणी हुकोऊ विचारत नाहीत आणि झोंगकाओचे गुणही मागत नाहीत. स्वतःची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा घेतात, आणि फी भरली की प्रवेश.

आमची शाळा या तिसऱ्या प्रकारातली. फी वर्षाला दोन लाख युआनच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या भावानं तेवीस-चोवीस लाख रुपये. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यानंतर परदेशी विद्यापीठ, त्याचा खर्च वेगळा.

पहिला निर्णय

२०२० च्या हिवाळ्यात निर्णय झाला. पहिल्या कोविड लाटेनंतर चीनमधले कारखाने आणि बांधकामं पुन्हा जोरात होती, नव्या इमारतींना बाथरूमचं सामान लागत होतं, धंदा तेजीत होता. वडिलांनी हिशोब मांडला: शाळेची तीन वर्षं सहा-सात लाख युआन, ब्रिटनमधली तीन वर्षं बारा लाखांच्या आसपास. धंदा असाच चालला तर जमेल. थोरलीनं प्रवेश परीक्षा दिली, गणितात उत्तम गुण मिळवले, आणि २०२१ च्या जूनमध्ये तिच्या वर्गातली मुलं झोंगकाओ देत असताना ती घरी इंग्रजी वाचत बसली होती.

या निर्णयात एक गोष्ट होती जिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. भारतात आयबी किंवा केंब्रिजची बारावी केलेलं मूल जेईईला बसू शकतं; अखिल भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचा दाखला घेता येतो. घरची परिस्थिती बदलली तर मूल भारतातल्याच महाविद्यालयात जातं. चीनमध्ये ए-लेव्हलला गेलेलं मूल जवळजवळ कायमचं गाओकाओच्या बाहेर पडतं. त्याला अभ्यासक्रमातला फरक हे एक कारण आहेच. त्याशिवाय झोंगकाओ दिलेली नसेल तर नियमित उच्च माध्यमिक शाळेतली अधिकृत विद्यार्थी-नोंदही नसते. आणि गाओकाओ नाही म्हणजे देशातली विद्यापीठं बंद, त्यात परदेशी विद्यापीठांबरोबर चालवलेली सुद्धा. न्यूयॉर्क विद्यापीठाचा शांघाय कॅम्पस, ड्यूकचा कुनशान कॅम्पस, सुझोऊमधलं लिव्हरपूलचं भागीदारीतलं विद्यापीठ, नॉटिंगहॅमचा निंगबो कॅम्पस. तिच्या घरापासून काही तासांच्या अंतरात इंग्रजीत शिकवणारी ही चार विद्यापीठं आहेत, आणि चिनी विद्यार्थ्यांना चारही ठिकाणी गाओकाओ द्यावी लागते.

शाळेच्या माहिती-सभेत हे सांगितलं गेलं होतं का? एका स्लाइडवर, एका ओळीत. त्यानंतरच्या बऱ्याच स्लाइड ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये गेलेल्या मुलांच्या फोटोंच्या होत्या.

शाळेतली तीन वर्षं

थोरली दहावीत आली त्याच सप्टेंबरमध्ये, १ सप्टेंबर २०२१ ला, खासगी शिक्षणाचे नवे अंमलबजावणी नियम लागू झाले. पहिली ते नववीच्या खासगी शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम सक्तीचा झाला, परदेशी भांडवलाला त्या इयत्तांच्या शाळांवर ताबा ठेवता येईना, शाळांच्या नावांतून परदेशी नावं उतरली. हॅरोच्या द्विभाषिक शाळांनी नवं चिनी नाव घेतलं; लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेनं चेंगदूची नियोजित शाळा सोडून दिली. त्याच्या आधीच, जुलैमध्ये, शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली होती. शिक्षणातली विषमता कमी करणं हा जाहीर हेतू होता आणि तो मला मनापासून पटतो. दहावीनंतरच्या विभागांना मात्र या नियमांचा थेट धक्का नव्हता. त्यामुळे जो दबाव आधी पहिलीपासून विभागला जायचा तो सगळा दहावीच्या प्रवेशावर येऊन पडला, आणि आमच्या शाळेतल्या तुकड्या वाढल्या.

वर्गात दोन प्रकारची मुलं होती आणि हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. थोरलीच्या बाकावर बसणाऱ्या मुलाची नोंद शांघायचीच. वडील वित्तक्षेत्रात, शहरात एकापेक्षा जास्त घरं. त्याला चांगल्या सरकारी शाळेतला ताण झेपेना म्हणून इकडे आणलेलं. अकरावीत त्याचे गुण घसरले तेव्हा पालकांनी शांतपणे त्याला ब्रिटनमधल्या निवासी शाळेत हलवलं, एक वर्ष मागे बसवलं, आणि विषय मिटला. दोघांची फी एकच, पुस्तकं तीच, शिक्षिकाही तीच. पण त्याच्या घरी ही शाळा तीन-चार वाटांपैकी एक होती आणि तिच्या घरी एकुलती एक.

२०२२ च्या मार्चअखेरीस शांघाय बंद झालं, जूनपर्यंत. आम्ही ऑनलाइन शिकवत राहिलो. बाथरूमच्या सामानाचं दुकान ऑनलाइन चालत नाही. त्याआधीच, २०२१ च्या डिसेंबरमध्ये, एव्हरग्रांद या बांधकाम समूहानं परदेशी कर्जाचे हप्ते बुडवले होते आणि घरबांधणीचं क्षेत्र खाली येत होतं. नव्या इमारती थांबल्या, जुनी बिलं अडकली. मुलीची फी ज्या पैशातून जायची तो पैसा थेट नव्या फ्लॅटांच्या बाथरूममधून येत होता. हे धागे इतके जवळून जोडलेले आहेत हे धंदा बुडू लागेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

दुसरा निर्णय

२०२२ च्या उन्हाळ्यात वडिलांनी विचारलं, की तिला आता आन्हुईला नेलं तर? माझ्या एका चिनी सहकाऱ्यानं त्यांच्यासाठी चौकशी केली. झोंगकाओ दिलेली नव्हती, त्यामुळे नियमित शाळेत प्रवेश नाही. बाहेरून बसण्याची वाट तत्त्वतः निघाली असती, पण तिचा एक वर्षाचा अभ्यास इंग्रजीत झाला होता, आन्हुईत २०२४ पासून गाओकाओची नवी विषयरचना लागू होणार होती, आणि हाताशी दोनच वर्षं होती. तिला दुसऱ्यांदा मुळापासून सुरुवात करायला लावण्याचं धाडस कोणालाच झालं नाही. पुढे चालू ठेवायचं ठरलं. फीसाठी वडिलांनी गाडी विकली आणि दुकानाचं गोदाम लहान केलं.

विद्यापीठाच्या अर्जांच्या वेळी आर्थिक वर्गाचा प्रश्न पुन्हा समोर आला. बहुतेक मुलांनी खासगी सल्लागार लावले होते. त्यांच्याकडे उन्हाळी संशोधन कार्यक्रम असतात, परदेशी प्राध्यापकाच्या शिफारशीसकट, आणि त्यांचे दर शाळेच्या फीशी बरोबरी करणारे. आईंनी एका सल्लागाराला भेट दिली. त्यानं थोरलीला विचारलं, सुट्टीत काय करतेस? तिनं सांगितलं, दुकानात उधारीची वही सांभाळते. तो म्हणाला, याचा उपयोग नाही.

मला हे ऐकून राग आला. मी तिला म्हटलं, तेच लिही. टाळेबंदीत कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी बुडेल याचा अंदाज तिनं महिन्यामहिन्याच्या नोंदींवरून काढला होता. तिनं एका कागदावर तक्ता केला होता, आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघाला होता. हिशोब आणि वित्त शिकायला अर्ज करणाऱ्या मुलीला याहून चांगलं सांगण्यासारखं काय असतं? तिनं ते लिहिलं, आणि ब्रिटनमधल्या दोन चांगल्या विद्यापीठांतून सशर्त प्रवेश आले.

निष्पत्ती

२०२४ च्या उन्हाळ्यात निकाल लागला: गणितात ए-स्टार, उच्च गणितात ए, अर्थशास्त्रात बी. अटी पूर्ण झाल्या. पण फी आणि राहणं धरून वर्षाला चार लाख युआन आता घरात नव्हते. फ्लॅट विकायचा म्हटलं तर किमती उतरलेल्या, आणि धाकट्यासाठी तोच एक आधार.

थोरली एका ब्रिटिश विद्यापीठाच्या मलेशियातल्या कॅम्पसमध्ये गेली. पदवी तीच, खर्च साधारण तिसरा हिस्सा. ती तिथं बरी रमली आहे; तिनं मला पाठवलेल्या संदेशांत अभ्यासाबद्दल जास्त आणि घराबद्दल कमी असतं. परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्यांसाठी शांघायमध्ये हुकोऊचा वेगळा मार्ग आहे. त्यात विद्यापीठाचं क्रमवारीतलं स्थान आणि परतल्यावर भरलेला विमा पाहतात. वडिलांना इतकी वर्षं शहरात राबून जी नोंद मिळाली नाही, ती मुलीला क्वालालंपूरमार्गे मिळू शकेल. मिळेलच असं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात स्वस्त दार २०१६ च्या आसपास उघडं होतं आणि त्याचा शाळेशी काहीच संबंध नव्हता. पदविकाधारकाला नोकरी-धंदा सांभाळून पदवी घेण्याची सोय चीनमध्ये आहे. प्रौढांसाठीची प्रवेश परीक्षा, मग साधारण अडीच वर्षं. थोरली पाचवीत जाण्याआधी वडिलांनी ते सुरू केलं असतं तर २०१९ पर्यंत ५० च्या जागी ९० झाले असते. वयाचे ३० धरून १२० तिथंच पूर्ण.

दुसरं दार त्याहून साधं होतं. सामाजिक विम्याची वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते. छोटे धंदेवाले स्वतःचा पगार किमान पातळीवर दाखवतात, म्हणजे शहराच्या सरासरीच्या ६० टक्क्यांवर. सगळेच तसं करतात, त्यात पैसे वाचतात. पण गुणपद्धतीत असं आहे, की शेवटच्या चार वर्षांत ३६ महिने शहराच्या सरासरी पगारावर विमा आणि त्याला जुळणारा आयकर भरला असेल तर वरचे ५० गुण मिळतात. वडिलांना सोळा हवे होते. वर्गणीतला तो फरक शाळेच्या एका वर्षाच्या फीत बरीच वर्षं भरून निघाला असता.

मोठ्या कंपनीतल्या नोकरदाराला हे ५० गुण माहीतही नसताना मिळतात, कारण कंपनी पूर्ण पगारावर विमा भरते. दुकानदाराला ते शोधून काढावे लागतात, तेही मूल प्राथमिक शाळेत असताना. पैसा दोघांकडे सारखा असला, अगदी दुकानदाराकडे जास्त असला, तरी ही माहिती आपोआप एकाकडेच पोचते. थोरलीच्या शाळेनं गुणांचा कागद आठवीत मागितला. तो चौथीत मागितला असता तर या प्रकरणातला पुढचा बहुतेक भाग घडलाच नसता, असं मला वाटतं.

आमच्यासारख्या शाळांबद्दलही सांगायला हवं. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून एक कागद लिहून घ्यावा: मूल गाओकाओच्या बाहेर जात आहे, देशातली अमुक विद्यापीठं त्याला बंद होतील, उत्पन्न घटलं तर सहा वर्षांचा खर्च कुठून येईल. प्रवेश घटतील म्हणून शाळा हे करत नाहीत. मी हे बैठकीत मांडलं होतं, ते मान्य झालं नाही. निदान सल्ला देणाऱ्यानं ब्रिटनच्या बरोबरीनं मलेशिया आणि हाँगकाँगचे खर्चाचे आकडे पहिल्याच वर्षी पालकांसमोर ठेवावेत. या कुटुंबानं मलेशियाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते शेवटच्या वर्षी, आणि तेही दुसऱ्या एका दुकानदाराच्या बायकोकडून.

आन्हुईला आठवीत परत जाणं बरोबर ठरलं असतं का? मला तसं वाटत नाही. मुलीचं गणित चांगलं होतं, ती तिथंही टिकली असती कदाचित; पण आई आणि दोन भावंडांची ताटातूट हा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही आणि तो याच वर्गातल्या कुटुंबांना नेहमी भरावा लागतो.

धाकट्याचं काय झालं

२०२२ च्या टाळेबंदीनंतर आईंना पालकांच्या वुईचॅट ग्रुपवर ५० गुणांचा नियम कळला. धंदा मंदीत असतानाही त्यांनी त्या वर्षीपासून नवऱ्याचा विमा सरासरी पगारावर भरायला सुरुवात केली. २०२५ मध्ये ३६ महिने झाले. हिशोब असा बसला: पदविकेचे ५०, वयाचे आता २१ उरलेले, विम्याच्या चौदा वर्षांचे ४२, आणि वरचे ५०. एकूण १६३.

धाकटा २०२७ मध्ये शांघायची झोंगकाओ देईल. शिकवणी वर्ग बंद आहेत, घरी शिक्षक बोलावणं परवडत नाही, त्यामुळे थोरली मलेशियाहून आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर त्याचं गणित घेते. गुणांची नोंद दर वर्षी नव्यानं करावी लागते. कागद आई स्वतः नेऊन देतात.